अर्धे बरोबर, दुसरे शोधा

भाऊजी, तुमच्या तेरवीच्या पंगतीत मी खोटे बोललो. एका दमात तीनदा, आणि तेही हातात कढीचे भांडे धरून.

तुमचे मुख्याध्यापक जेवायला बसले होते. मी वाढत होतो. ते हळूच म्हणाले, “मुरलीभाऊ, सरांचे ते कॉम्प्युटरवरचे गणिताचे धडे चौदापैकी अकराच झाले. आता ते कोण पूर्ण करणार? राहू द्या. दहावीच्या मुलांना आपण तयार व्हिडिओ दाखवू.” वाईट मनाने म्हणाले नाहीत. त्यांच्या पानात वडाही अर्धाच खाल्लेला होता, त्यांनाही जेवण जात नव्हते. पण मला काय झाले कोणास ठाऊक. मी पंगतीच्या मधोमध उभा राहिलो, भांडे छातीशी धरले आणि आमच्या नाटकाच्या खेळात शेवटच्या अंकाला लावतो तो आवाज लावला, “उरलेले तीन धडे माझ्या डोक्यात तयार आहेत. भाऊजींनी मला सगळं शिकवून ठेवलं आहे. शाळा उघडायच्या दिवशी चौदाचे चौदा चालतील.”

तीन वाक्ये, तिन्ही खोटी. माझ्या डोक्यात काय असते ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही मला जे शिकवलेत त्यातले निम्मे मी भांडण्यात घालवले. आणि चौदाचे चौदा चालतील हे तर तुम्ही स्वतःही कधी म्हणाला नसता. पंगत वर पाहत राहिली. थोडी कढी एका पाहुण्याच्या बुंदीत गेली. दारात बाई उभी होती. माझी थोरली बहीण, तुमची सुमन. तिने माझ्याकडे पाहिले ती नजर मी लहानपणापासून ओळखतो. चिंचेच्या झाडावर चढून मग उतरता न येणाऱ्या भावाकडे ती अशीच पाहायची.

तर मी झाडावर आहे, भाऊजी. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडायला नऊ दिवस उरले आहेत. उतरायच्या आधी तुमच्याशी बोलायचे आहे.

आठवते ना, हे सगळे माझ्याच दुकानात सुरू झाले. लाखनीच्या हायवेवर माझे ते टायपिंग आणि फ्लेक्सचे दुकान, समोरून ट्रक जाऊ लागले की भिंतीवरचे नमुन्याचे फ्लेक्स थरथरतात. तुम्ही दुपारी आलात, पिशवीतून शाळेचा लॅपटॉप काढलात आणि म्हणालात, “साळेबुवा, तुया बोटाइचा काही उपयोग करून घ्यायचा हाये.” मला वाटले, निवृत्तीच्या समारंभाची पत्रिका असेल. तुम्ही म्हणालात की पोरांना उत्तर लिहिता यावे आणि पडद्याने लगेच बोलावे, असे गणिताचे धडे लिहायचे आहेत. ते मार्कअप नावाच्या भाषेत लिहितात. मी विचारले, “हे मार्कअप म्हणजे कोणतं गाव?”

तुम्ही रागावला नाहीत. माझ्या टेबलावर आमच्या मंडळाच्या नाटकाची संहिता पडली होती, सुगी आटोपल्यावर हिवाळ्यात आम्ही गावोगाव करतो त्या खेळाची. तुम्ही ती उघडलीत आणि बोट ठेवलेत. “हे पाय. ‘थांब, पाटला’ हा डायलॉग हाये. तो लोकाइले आयकू येते. त्याच्या बाजूले कंसात काय हाये?”

“उजवीकडून प्रवेश.”

“ते कोणाले आयकू येते का?”

“नाही. पण माणूस उजवीकडूनच येते.”

“झालं. हेच मार्कअप. पोट्ट्यांले गणित दिसते. कंसातलं दिसत नाही, पण तसंच घडते.”

पस्तीस वर्षांत मला गणित समजावू शकलेले तुम्ही पहिले मास्तर, आणि त्यासाठी तुम्हाला माझ्याच धंद्यात शिरावे लागले. मग तुम्ही मला तुमची लाडकी गोष्ट दाखवलीत, पदावल्यांची, म्हणजे ‘एक्स अधिक सात’ असल्या गणिती मांडण्यांची यादी. एका कोनी कंसाने यादी उघडायची, आत एकामागून एक पदावल्या लिहायच्या, दुसऱ्या कोनी कंसाने बंद करायची. यादीला नाव द्यायचे. मग धड्यात कुठेही त्या नावाने हाक मारली की यादी हजर. तिसरी पदावली हवी तर तिसरी म्हणायचे, ती एकटीच पुढे येते. यादीत एक संख्या बदलली की धड्यात जिथे जिथे ती आली आहे तिथे तिथे आपोआप बदलते. पोराने बटण दाबले की पुढची पदावली, पुन्हा दाबले की त्याच्या पुढची. पोराचे उत्तरही यादीच. दोन उत्तरे असतील तर दोघांची यादी. तुम्ही हे सांगताना असे खुलला होतात की समोरच्या पानठेल्यावरचा माणूस उठून आत डोकावून गेला, जमिनीचा काही सौदा झाला की काय म्हणून.

आणि मी पहिल्याच धड्याची वाट लावली. तुम्ही सांगितले होते की यादीत दोन पदावल्या मोकळ्या जागेने वेगळ्या होतात, म्हणून एका पदावलीच्या पोटात जागा सोडायची नाही. पण मी टायपिंगच्या परीक्षेत जिल्ह्यात नाव काढलेला माणूस. अधिकच्या आधी जागा, अधिकच्या नंतर जागा, ही शिस्त माझ्या अंगठ्यात शिरलेली. मी तीन पदावल्या टाईप केल्या, अगदी सुबक. शाळेत तुम्ही धडा उघडलात तर पडदा म्हणाला, या यादीत नऊ पदावल्या आहेत. चौथ्या क्रमांकावर एक्स, पाचव्यावर नुसते अधिकचे चिन्ह, सहाव्यावर सात. वर्ग लोळून लोळून हसला. तुम्ही फोन केलात, “मुरली, तुया हातचा अधिक एकटाच उभा हाये गा. त्याले ना आई ना बाप.”

त्याचा सूड तुम्ही घेतलात ते मला फार उशिरा कळले. प्रत्येक धड्यात तुम्ही पोरांच्या नेहमीच्या चुकांची एक यादी ठेवायचात. पोराने त्यातले काही लिहिले की पडद्याने नेमके त्या चुकीबद्दल बोलायचे. कंसाचा वर्ग करताना मधले पद विसरणारे, वजा गिळणारे, शून्याने भागणारे, सगळे त्या यादीत. आणि यादीचे नाव काय ठेवलेत? मुरली. अकराच्या अकरा धड्यांत शाळेतले पोर चुकले की आत कुठेतरी माझ्या नावाने हाक मारली जाते. मी विचारले तेव्हा तुम्ही म्हणालात, “चुकाइले कोणाचं तं नाव द्यावंच लागते. आनि साळा कायले असते मंग?” मी बाईकडे तक्रार केली. ती भाकरी थापत होती. म्हणाली, “बरोबरच हाये,” आणि पुढची थापायला घेतली.

हे सगळे हसण्याचे झाले. आता जे अडकून आहे ते.

नववा धडा, वर्गसमीकरणांचा. प्रत्येक समीकरणाला दोन उत्तरे. तुम्ही म्हणालात, पोराला दोनपैकी एक आले तर पडद्याने ‘अर्धे बरोबर, दुसरे शोधा’ असे म्हणायचे. त्यासाठी उत्तराच्या खुणेत एक शब्द टाकावा लागतो. तो टाकला तर अर्धे मोजले जाते, नाही टाकला तर दोन्ही बरोबर किंवा सरळ चूक. मला ते पटले नाही. मी म्हणालो, अर्धे नाटक करून पडदा पाडता येतो का? लोक खुर्च्या फेकतील. दोन उत्तरे आहेत तर दोन आणा. अर्ध्यावर शाबासकी दिली की पोरगं अर्ध्यावरच बसतं. तुम्ही ऐकून घेतलेत आणि म्हणालात, “तू टाईप कर.”

मी टाईप केले, आणि तो शब्द टाकला नाही. विसरलो नव्हतो. मुद्दाम गाळला. मला वाटले, एकदा वर्गात चालू द्या, मग माझेच खरे ठरेल आणि तुमच्यासमोर मी मोठे भाषण देईन. भाषणाची सुरुवातही तयार होती.

धडा चालवलात त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही दुकानात आलात. बसला नाहीत. तुमच्या वर्गातली प्रणाली, सायकलने तळ्याच्या पलीकडून येणारी, बोलायला घाबरणारी. तिला समीकरण आले होते एक्स वर्ग अधिक तीन एक्स वजा अठ्ठावीस. उत्तरे चार आणि वजा सात. तिने लिहिले चार आणि सात. वजा गिळला, माझ्या यादीतली चूक, पण नवव्या धड्यात ती यादी तेव्हा जोडायची राहिली होती. पडदा म्हणाला, चूक. तुम्ही तिच्या मागे उभे होतात.

“तिनं काय केलं, सांगू?” तुम्ही म्हणालात. “दोन्ही खोडले. मंग दोन आनि चौदा लिहिलं. मंग एक आनि अठ्ठावीस. चार तिच्या हातात आलता, मुरली. तिनं तो बी पुसला. तुनं पुसाले लावला.”

मी म्हणालो, “स्टेजवर अर्धा डायलॉग म्हनला तं लोकं टाळ्या वाजवत नाही, भाऊजी.”

“अन् तू सिंदपुरीच्या खेळात डायलॉग विसरला होता तवा? प्राम्टरनं काय केलं? ‘चूक’ म्हनून वरडला का पडद्याच्या मांगून?”

मी भिंतीवरचा फ्लेक्स सरळ करू लागलो.

“त्यानं पुढचा शब्द देल्ला,” तुम्ही म्हणालात. “म्हनून तू आजबी स्टेजवर हायेस.”

आणि गाडीला किक मारून गेलात.

डायलॉग संपलेल्या नटाने काय करावे, भाऊजी? त्याने रुसावे. मी आठ दिवस रुसलो. बाईने फोन केला तर दुकानात गर्दी आहे म्हणालो. गर्दी नव्हती. मी खुर्चीवर बसून ट्रक मोजत होतो. तुम्ही बरोबर होतात हे मला पहिल्याच रात्री कळले होते, पण ते सांगायला प्रवेश कसा घ्यावा ते सुचेना. नुसते येऊन ‘तुमचं खरं’ म्हणणे मला फार सपक वाटत होते. नवव्या दिवशी मी मोहाडीच्या बाजारातून तुमच्या आवडीची सुकी मासोळी आणली, कागदाची एक माळ केली आणि ठरवले की दुसऱ्या दिवशी दुपारी यायचे, माळ तुमच्या गळ्यात घालायची आणि सगळ्या गल्लीसमोर हार कबूल करायची.

सकाळी बाईचा फोन आला.

त्या दिवसाचे मी लिहिणार नाही. एवढेच सांगतो की माळ मी आणली नाही, आणि घरात त्या दिवशी माळा पुष्कळ होत्या. तुमच्यापाशी बसलो तेव्हा माझ्या तोंडात ते दोन शब्द होते आणि प्राम्टर कुणी नव्हता.

बाकीच्यांनी तुमच्याबद्दल चांगले चांगले सांगितले. सर शिस्तीचे, सर प्रेमळ, सर सायंकाळी फुकट शिकवायचे. मला प्रत्येक वेळी मध्ये बोलावेसे वाटत होते. हे गृहस्थ पत्त्यांत पाने लपवायचे, हे कुणी सांगितले नाही. माझ्या लग्नात करवल्यांना दारात कोडे घालून अर्धा तास अडवले होते आणि नवरदेव मी उन्हात उभा होतो, हेही नाही. तेवढ्या गोष्टी मी माझ्यापाशी ठेवल्या आहेत. त्यांचीही एक यादी आहे. नाव अर्थातच तुमचे.

तेरवीनंतर मी लॅपटॉप घेऊन तुमच्याच टेबलाशी बसलो. शाळेने तो धडे संपेपर्यंत राहू दिला आहे. आधी तुमचे अकरा धडे उघडून आतले वाचायचे ठरवले, संहिता पाठ करतात तसे. मार्कअपमध्ये आणखी एक जागा असते, तुम्ही दाखवली होती. पोरांना दिसत नाही, यंत्रही वाचत नाही, लिहिणारा फक्त लिहिणाऱ्यासाठी टिपण सोडतो. तुमच्या टिपणांनी मला चार दिवस हसवले. ‘येथे जागा सोडू नये, मुरलीच्या अंगठ्यापासून जपावे.’ ‘हे गणित अवघड आहे, सुमनच्या भावास दाखवू नये.’ मग मी नववा धडा उघडला.

तो शब्द जागेवर होता. मी गाळलेला. माझ्याशी भांडून गेल्यावर तुम्ही तो स्वतः टाकला होता. त्याच्या वर टिपण होते: ‘येथला शब्द टाईप करताना राहून गेला होता. कोणाकडून, ते विचारू नये.’

राहून गेला होता. तुम्हाला पक्के ठाऊक होते की मी तो गाळला. आणि जिथे कुणीच वाचणार नव्हते तिथेही तुम्ही मला झाकलेत. मी टेबलावरून उठलो आणि विहिरीपाशी जाऊन उगीच दोर ओढत बसलो. बाईने आतून विचारले, “पानी तं भरलं हाये, काहून काढून राहिला?” मी म्हणालो, “तब्येतीले चांगलं असते.”

दुसऱ्या दिवसापासून बाराव्या धड्याला भिडलो. तो वर्गमुळांचा. तुमच्या वहीत त्याचा नुसता आराखडा होता, पेन्सिलीने. मला गणित येत नाही, म्हणून तुमचीच शाळेची पुस्तके काढून पाचवीपासून सुरुवात केली. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी दोन तास आणि दुपारी ट्रकवाले जेवायला थांबतात तेव्हा दीड तास. यादी लिहिली की अंगठा जागा सोडतोच. तीन वेळा अधिक अनाथ झाला, दोन वेळा वजा. शेवटी मी रुमालाने अंगठा तळहाताला बांधून टाकला आणि चार बोटांनी टाईप करू लागलो. पदावल्यांच्या मध्ये जागा हवी असली की डाव्या हाताच्या करंगळीने ठोकायची. बाई चहा घेऊन आली, माझा हात पाहिला आणि विचारले, “काय लागलं?”

“शिस्त लागली होती,” मी म्हणालो. “बांधून ठेवली.”

ती हसली, भाऊजी. त्या सकाळनंतर पहिल्यांदा. चहा बशीत सांडला, तो तिने तसाच पदराने पुसला आणि पुन्हा हसली. मी पुढे दोन दिवस गरज नसतानाही अंगठा बांधून ठेवला.

काल सकाळी बारावा धडा चालू झाला. आता तो कुणावर तरी तपासून पाहायला हवा होता. मी बाईला म्हणालो, तू बस. ती म्हणाली, “मले काय समजते त्यातलं? दहावी होऊन किती साल झाले.” तुम्ही इतकी वर्षे गणित शिकवलेत आणि तुमची बायको तुमच्या एकाही धड्यासमोर कधी बसली नव्हती. तुम्ही कधी बसवलीही नाहीत, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो. तुमच्या नावाच्या यादीत ती चूक पहिली.

मी तिला खुर्चीत बसवले. तिने चष्मा लावला, हात पदराला पुसले. पहिला प्रश्न सोपा होता. कोणत्या संख्यांचा वर्ग एकोणपन्नास आहे? तिने ओठ हलवले, पाढा म्हटला आणि एका बोटाने सात लिहिले. बटण दाबले.

पडदा म्हणाला, अर्धे बरोबर, दुसरे शोधा.

तिने ते पुन्हा एकदा वाचले. तुमच्याच वहीतले शब्द होते, मी अक्षरही बदलले नव्हते. मला वाटले, ती उठेल. मी उठू दिले असते.

“हा सात,” तिने विचारले, “हा राहू देते न हे? पुसाले तं नाही लावत?”

“नाही बाई. राहू देते.”

“मंग ठीक हाये.” ती खुर्ची ओढून पुढे सरकली. “अर्ध्या बांधीत धानाचा रोवणा झाला अन् पानी गेलं, तं रोवलेला कोणी उपटते का? बाकीचीत रोवायचं.”

मी तोंडावर हात ठेवला होता, भाऊजी. उत्तर माझ्या जिभेवर होते. आयुष्यात पहिल्यांदा मी विंगेत उभा राहून गप्प बसलो. तिने आठ लिहून पाहिले, पुसले, सात मात्र तसाच ठेवला. चौदा लिहिले, पुसले. मग कीबोर्डवरच्या चिन्हांवरून बोट फिरवत गेली आणि वजाच्या चिन्हावर थांबली. “वजाले वजानं गुणलं का अधिक होते, असं ते पोट्ट्यांले वरडून वरडून सांगत. सैपाक करताना मले आयकू येत होतं,” ती म्हणाली. वजा, मग सात. बटण दाबले.

दोन्ही बरोबर.

तिने चष्मा काढला. पडद्याकडे नाही, माझ्याकडे पाहिले. “तुमचं याच्यावरून भांडण झालं होतं न?”

“हो.”

“मंग? कोण बरोबर होतं?”

जे मला माळ घालून, गल्ली जमवून, आवाज लावून सांगायचे होते, ते असे एका साध्या दुपारी, साध्या आवाजात सांगावे लागले, आणि तेही तुम्हाला नाही. “भाऊजी,” मी म्हणालो. “भाऊजी बरोबर होते.”

“मले ठाऊक होतं,” बाई म्हणाली. “त्याइलेबी ठाऊक होतं. पुढचा प्रश्न आन.”

तिने बाराव्या धड्यातले सगळे प्रश्न सोडवले. चार चुका केल्या, त्यांतल्या तीन मुरलीच्या यादीत आधीच होत्या. चौथी नवी होती, म्हणून ती यादीत जोडली. बाजूला टिपण ठेवले आहे, कुणाकडून आली ते विचारू नये.

आता दोन धडे उरले. मुख्याध्यापकांना मी आज निरोप पाठवला की व्हिडिओची तयारी करू नका. बाई म्हणते, तेरावाही तिच्यावर तपासायचा, आणि चौदावा प्रणालीवर, शाळा उघडायच्या दिवशी, सगळ्यांत पुढच्या कॉम्प्युटरवर. मी प्रणालीच्या मागे उभा राहणार आहे. ‘चूक’ हा शब्द कुठे आला तर आधी मला विचारून येईल.

उठतो, भाऊजी. तेराव्या धड्याची यादी उघडीच आहे. नऊ पदावल्यांतल्या चार झाल्या आहेत, चारही बरोबर, मी तीनदा तपासल्या. त्या तशाच राहू देतो आणि पाचवी लिहितो. अंगठा बांधला आहे.